किल्ली कुणाकडे आहे?

जर्मनीत भाड्याच्या घरात राहिलेल्या मराठी माणसाला किल्लीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पुण्यात किंवा डोंबिवलीत किल्ली हरवली की कोपऱ्यावरचा किल्लीवाला दहा मिनिटांत दुसरी करून देतो, वर चहाही पितो. इथे बऱ्याच इमारतींत एकच किल्ली आपल्या घराचे दार उघडते, खालचे मोठे दार उघडते आणि तळघराचेही उघडते. ती हरवली तर साऱ्या इमारतीची कुलपे बदलण्याचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतो. म्हणूनच इथल्या विम्याच्या कागदांत किल्ली हरवण्याचेही एक कलम बऱ्याचदा असते!

आजचा विषय किल्लीचाच आहे, पण ही किल्ली लोखंडाची नाही. आपल्या मंडळांच्या, शाळांच्या, छोट्या संस्थांच्या वेबसाईटवर जे ‘सभासद प्रवेश’ नावाचे दार असते, त्या दाराची ही किल्ली. ती एका लहानशा फाईलमध्ये असते आणि नेमकी तीच फाईल हरवते. संगणकाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांनी पान उलटू नये. हा प्रश्न जितका संगणकाचा आहे, तितकाच मंडळाच्या कारभाराचा आहे.

कायझर्सलाउटर्न म्हटले की अनेकांना फुटबॉल आठवतो. वरच्या श्रेणीत नुकतीच परत आलेली इथली टीम १९९८ साली थेट जर्मनीची विजेती ठरली, ती गोष्ट गावातले म्हातारे अजून रंगवून सांगतात. पण आपली मुले इथे येतात ती बेत्सेनबर्गच्या टेकडीवरचे स्टेडियम पाहायला नव्हे. १९७० साली इथे विद्यापीठ सुरू झाले (२०२३ पासून ते लांडाऊच्या विद्यापीठाशी जोडले गेले आहे). १९८८ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे जर्मन संशोधन केंद्र इथे स्थापन झाले. १९९६ साली फ्राउनहोफरची सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची संस्था आली, आणि २००४ साली सॉफ्टवेअर प्रणालींसाठीची माक्स प्लांक संस्था कायझर्सलाउटर्न आणि सारब्रुकेन या दोन गावांत मिळून सुरू झाली. लाखभर वस्तीच्या, जंगलाने वेढलेल्या गावाला एवढे सॉफ्टवेअर म्हणजे पुष्कळच झाले.

अशा गावात मुले येतात, दोन-तीन वर्षांत शिक्षण पूर्ण करतात आणि नोकरीसाठी म्युनिक किंवा स्टुटगार्ट गाठतात. जाताना सायकल, कुकर, मसाल्याचा डबा नव्या मुलांना देऊन जातात. सायकलची किल्ली आठवणीने हातात ठेवतात. पण शिकता शिकता हौसेने मंडळाची वेबसाईट करून दिलेली असेल, तर तिची किल्ली देण्याचे कुणाच्याच लक्षात येत नाही. मागणाऱ्याच्याही नाही आणि देणाऱ्याच्याही नाही.

आता कल्पना करा. गणपतीला तीन आठवडे राहिले आहेत. जेवणाची नोंदणी वेबसाईटवर करायची आहे. जुना कार्यकर्ता गेला, नवी मुलगी हौसेने पुढे आली. तिने सगळा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर उतरवून घेतला आणि सुरू केला. मुखपृष्ठ दिसले, मोरयाचे चित्र दिसले, गेल्या वर्षीचे फोटोही दिसले. ‘सभासद प्रवेश’ दाबले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली. इथेच घोडे पेंड खाते.

कृती वेगळी, घर वेगळे

मोदकाची कृती एकच असते. ती तुम्ही नाशिकच्या आत्याला द्या नाहीतर टोरांटोच्या मावशीला द्या, मोदक सारखेच व्हावेत. पण गॅसचा नंबर, कपाटाची किल्ली, दूधवाल्याचा हिशेब ही ज्याच्या-त्याच्या घरची गोष्ट. वेबसाईटचेही तसेच आहे. प्रोग्रॅम म्हणजे कृती. आणि घरची माहिती जिथे लिहून ठेवतात ती ‘कॉन्फिगरेशन’ची फाईल.

प्रवेशासाठी लागणाऱ्या या फाईलमध्ये साधारण चार गोष्टी असतात. पहिली, सभासदांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये आहे त्याचा पत्ता आणि पासवर्ड. दुसरी, एक लांबलचक गुप्त अक्षरमाळ. सभासद एकदा आत आला की वेबसाईट त्याला एक चिठ्ठी देते, आणि त्या चिठ्ठीवर या अक्षरमाळेचा शिक्का मारते. पुढच्या पानावर शिक्का ओळखला गेला तरच आत प्रवेश. तिसरी, ‘गूगलने प्रवेश करा’ असे बटण असेल तर गूगलने मंडळाला दिलेले ओळखपत्र आणि त्याचे गुपित. चौथी, ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणणाऱ्यांना पत्र धाडणारे ई-मेल खाते. यातले एक जरी नसले तरी दार अडते, पण प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने.

मग एवढी महत्त्वाची फाईल प्रोग्रॅमबरोबर का आली नाही? कुणाच्या वेंधळेपणामुळे नव्हे. ती मुद्दाम मागे ठेवलेली असते!

प्रोग्रॅम लिहिणारे आजकाल आपले काम ‘गिट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवतात. लिनस टोरवाल्ड्सने ती २००५ साली लिहिली. केलेला प्रत्येक बदल तिच्यात कायमचा नोंदला जातो. आज लिहिलेला पासवर्ड उद्या खोडला तरी कालच्या नोंदीत तो दिसतोच. म्हणून ‘या फाईलींकडे दुर्लक्ष कर’ अशी यादी गिटला देतात आणि किल्लीची फाईल त्या यादीत घालतात. ही काळजी का घ्यायची, याचे उत्तर उबर कंपनीच्या प्रकरणात मिळते. २०१६ साली चोर तिच्या इंजिनिअरांच्या खाजगी गिट-साठ्यात शिरले. तिथे त्यांना कंपनीच्या माहितीच्या कोठाराची किल्ली लिहिलेली सापडली, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने वर्षभर ही गोष्ट दडवली. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा फाईल प्रोग्रॅमबरोबर न येणे हे चांगल्या सवयीचेच लक्षण समजावे. चुकते ते पुढे: ती दुसरीकडे कुठे आहे, हे कुणी लिहून ठेवलेले नसते.

शोधायची कशी?

ज्यांच्या घरात असा उद्योग चालू असेल त्यांच्यासाठी शोधाचा क्रम देतो. घाई न करता या क्रमाने गेले तर बहुतेक वेळा दुपारच्या चहापर्यंत उलगडा होतो.

आधी लाल अक्षरे नीट वाचावीत. ‘फाईल सापडत नाही’, ‘वाचण्याची परवानगी नाही’ आणि ‘पासवर्ड चुकीचा’ या तीन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत फाईल नाही किंवा भलत्या जागी आहे. दुसरीत फाईल आहे, पण वेबसाईट ज्या नावाने चालते त्या वापरणाऱ्याला ती उघडता येत नाही. तिसरीत फाईल मिळाली, वाचलीही, पण आतला मजकूर जुना आहे. डॉक्टर ताप मोजल्याशिवाय औषध देत नाही, तसे हे.

मग जुना संगणक पाहावा, पण डोळे उघडे ठेवून. अशा फाईलीचे नाव पुष्कळदा टिंबाने सुरू होते. ‘डॉट एन्व्ह’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. टिंबाने सुरू होणारी नावे मॅक आणि लिनक्स एरवी दाखवतच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब या तीन कळा एकदम दाबल्या की लपलेल्या फाईली दिसू लागतात. लिनक्सवर यादी मागताना ‘सगळ्या दाखव’ असे स्पष्ट सांगावे लागते. आणखी एक खोच अशी, की फोल्डरमधले ‘सर्व काही’ उचलण्यासाठी तारांकित चिन्ह वापरले, तर टिंबवाल्या फाईली सहसा त्या ‘सर्व’मध्ये धरल्याच जात नाहीत. जुन्या यंत्रावरून नव्यावर सामान हलवताना त्या मागे राहतात त्या अशा.

तिसरी पाहणी नावाची. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाईल तयार केली की तो शेवटी आपले ‘टीएक्सटी’ हे शेपूट जोडतो, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतो. दृष्टीआड सृष्टी. आपल्याला नाव बरोबर दिसते, प्रोग्रॅमला मात्र ती फाईल दिसत नाही. तसेच विंडोज आणि मॅक साधारणपणे इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांत भेद मानत नाहीत, लिनक्स मानतो. घरच्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेली वेबसाईट भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर गेली की एका मोठ्या ‘ए’पायी अडून बसते.

चौथी पाहणी जागेची. प्रोग्रॅम फाईल शोधतो ती आपण जिथून त्याला सुरू केले तिथून. हाताने सुरू केला तर सापडते, आणि रात्री आपोआप सुरू झाला तर सापडत नाही, असे झाले की जागेचा संशय घ्यावा.

पाचवी गोष्ट, नमुना शोधावा. शहाणा प्रोग्रॅमर खरी फाईल लपवतो, पण तिचा रिकामा नमुना प्रोग्रॅमबरोबर ठेवतो. त्यात सगळी शीर्षके असतात, समोरच्या जागा कोऱ्या असतात. बँकेच्या छापील फॉर्मसारखाच हा प्रकार. लाराव्हेल वापरणाऱ्यांना अशी नमुन्याची फाईल मिळते, वर्डप्रेसमध्येही असते. नमुन्याची प्रत काढायची, नाव बदलायचे, जागा भरायच्या. फाईल नवी केल्यावर प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला विसरू नये. काही व्यवस्था जुना मजकूर पाठ करून ठेवतात आणि नव्याकडे पाहतच नाहीत.

आणि ‘गूगलने प्रवेश करा’ हेच बटण तेवढे चालत नसेल, तर आपला पत्ता तपासावा. प्रवेश झाल्यावर सभासदाला कोणत्या पत्त्यावर परत पाठवायचे, ते गूगलकडे आधी नोंदवावे लागते. वेबसाईटचा पत्ता बदलला असेल, किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली असेल, तरी गूगल नकार देतो. इथल्या कचेऱ्यांत पत्ता बदलल्याची नोंद केली नाही तर काय होते, ते आपण जाणतोच.

पुन्हा घडवता येते का?

फाईल सापडलीच नाही तर? इथे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

चिठ्ठीवरच्या शिक्क्याची अक्षरमाळ गेली तर फार बिघडत नाही. नवी तयार करावी. जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात, सगळ्यांना एकदा नव्याने प्रवेश करावा लागतो, बस्स. सभासदांचे पासवर्ड या फाईलमध्ये नसतातच. ते डेटाबेसमध्ये असतात आणि तेही दळून पीठ केलेल्या रूपात. पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्डांवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात ही पद्धत आणि दळताना प्रत्येक पासवर्डात थोडे ‘मीठ’ मिसळण्याची युक्ती सांगितली आहे. मीठ डेटाबेसमध्येच पासवर्डाशेजारी ठेवतात, त्यामुळे ते हरवत नाही.

काही जण मात्र मिठाबरोबर ‘मिरपूड’ही घालतात, म्हणजे सर्वांसाठी एकच गुप्त अक्षरमाळ, आणि ती कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये ठेवतात. ती गेली तर एकाही सभासदाचा पासवर्ड जुळत नाही. सर्वांना नवा पासवर्ड घ्यावा लागतो.

खरे नुकसान होते ते माहिती त्याच किल्लीने कुलूपबंद केलेली असेल तेव्हा. इथली मंडळे वर्गणी सभासदाच्या बँक खात्यातून परस्पर घेतात, म्हणून खाते क्रमांक साठवलेले असतात. ते कुणी शहाणपणाने कुलूपबंद केले असतील आणि ती किल्ली हरवली, तर क्रमांक समोर असून वाचता येत नाहीत. नवी किल्ली करून जुने कुलूप उघडत नाही. रेल्स वापरणाऱ्यांचे असेच होते: २०१८ च्या आवृत्तीपासून त्यात गुपितांची फाईल कुलूपबंद रूपात प्रोग्रॅमबरोबर फिरते, पण तिची ‘मास्टर की’ वेगळी ठेवावी लागते. ती गेली की सगळी गुपिते ज्याच्या-त्याच्याकडून नव्याने मागून आणणे, एवढेच हाती उरते.

दार उघडेच राहिले तर

इथवर आपण अडलेल्या दाराबद्दल बोललो. पण फाईल नसेल तर दार बंदच राहते, असे थोडेच आहे? काही दारे अशा वेळी सताड उघडी राहतात.

याचे उदाहरण आमच्या शेजारचेच आहे. कायझर्सलाउटर्नहून आगगाडीने तासाभराच्या आत सारब्रुकेन येते. तिथल्या विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये असे दिसून आले की ‘मॉन्गोडीबी’ प्रकारचे जवळजवळ ४० हजार डेटाबेस इंटरनेटवर कुलपाशिवाय पडून आहेत. त्यांतला एक फ्रान्समधल्या टेलिफोन कंपनीचा होता, सुमारे ८० लाख ग्राहकांच्या माहितीचा. कुणी कुलूप फोडले नव्हते. बसवणाऱ्यांनी प्रवेशाची व्यवस्था कॉन्फिगरेशनमध्ये सुरूच केली नव्हती, आणि तशी केली नाही तर सॉफ्टवेअर कुणालाही आत घेत होते. विद्यार्थ्यांनी संबंधित अधिकाऱ्यांना कळवले. तरीही जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो उघडे डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि खंडणीची चिठ्ठी मागे ठेवली. त्या वर्षीच्या नव्या आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर, आपण सांगितल्याशिवाय, बाहेरच्या जगाशी बोलतच नाही.

वर्डप्रेसचेही ध्यानात ठेवावे. त्याची कॉन्फिगरेशनची फाईल नसेल तर तो येईल त्या पाहुण्याला ‘चला, वेबसाईट उभारू या’ असे पान दाखवतो. आपण जेवायला उठलो आणि तेवढ्यात परका माणूस ते पान भरून गेला, तर घर त्याचे झाले. २०१७ मध्ये असे अर्धवट सोडलेले वर्डप्रेस शोधत हिंडणारे लोक उघडकीला आले होते.

म्हणून त्या नव्या मुलीला एकच गोष्ट निक्षून सांगावी: ‘गणपती होईपर्यंत प्रवेशाची तपासणी बंद ठेवते, मग बघू’ हे करायचं नाही. त्यापेक्षा नोंदणी कागदावर घेतलेली बरी. सभासदांचे पत्ते, मुलांच्या जन्मतारखा, खाते क्रमांक एक रात्र उघडे राहिले तरी पुरे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, तो पन्नास कुटुंबांच्या मंडळालाही लागू आहे. माहिती फुटली आणि त्यातून लोकांना धोका संभवत असेल, तर कळल्यापासून ७२ तासांत अधिकाऱ्यांना कळवावे लागते. आमच्या राज्यासाठी ती कचेरी माइन्झला आहे.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जून २०२३ मध्ये खुद्द आमच्या गावातल्या होखशूलंवर हल्ला झाला. ई-मेल, टेलिफोन, ग्रंथालय, सगळे थांबले. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये गीसनच्या विद्यापीठात असाच प्रकार झाला, तेव्हा सुमारे ३८ हजार विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना नवे पासवर्ड द्यावे लागले, आणि नियमाप्रमाणे ते प्रत्यक्ष हातात द्यायचे होते. ओळखपत्र घेऊन लोक रेशनच्या रांगेसारखे उभे राहिले. एवढ्या मोठ्या विद्यापीठाची ही गत, तर आपण कोण?

मंडळाने काय करावे?

उपाय खर्चिक नाहीत. कुठल्या किल्ल्या आहेत याची एका पानाची यादी करावी. यादीत किल्ली लिहायची नाही, ती कुठे आहे आणि कुणाकडे आहे तेवढेच लिहायचे. किल्ल्या पासवर्ड सांभाळणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये, मंडळाच्या नावाच्या खात्यात ठेवाव्यात. कुणाच्या वैयक्तिक ई-मेलमध्ये किंवा मोबाईलवरच्या निरोपात नव्हे. किमान दोघांना त्या उघडता याव्यात, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. वेबसाईटचे नाव आणि सर्व्हर ज्या खात्यावर आहेत ते खातेही मंडळाचेच असावे. कार्यकर्ता गाव सोडतो तेव्हा त्याच्या निरोपाच्या जेवणाआधी पासवर्ड बदलावेत. यात अविश्वास नाही. उद्या काही घडले तर त्याच्यावर बालंट येऊ नये म्हणून हे त्याच्याच हिताचे आहे. आणि वर्षातून एकदा दुसऱ्याच कुणीतरी, कोऱ्या संगणकावर, त्या यादीवरून वेबसाईट उभी करून पाहावी. यादीत काय राहिले ते तेव्हाच कळते.

आपल्याकडे वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च मांडतो, पावत्या दाखवतो, सगळे माना डोलावतात. या वर्षी एवढा एक प्रश्न जास्त विचारा: “वेबसाईटच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?” उत्तर “आहे की, तो आता म्युनिकला असतो,” असे आले, तर चहा गार झाला तरी चालेल, त्याला तिथूनच फोन लावा. त्याने आपला जुना लॅपटॉप विकायला काढला नसेल तोवर काळजीचे कारण नाही.